हुंकार आणि होकार : जपानी कार्यपद्धतीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचे परीक्षण

चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी चौदा वर्षे काम करते आहे आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे आमचा सर्वांत मोठा ग्राहक जपानी आहे. गेल्या महिन्यात कंपनीने आम्हा नऊ जणांना बाणेरमधल्या एका प्रशिक्षण संस्थेकडे, जपानी ग्राहकासोबत काम कसे करावे या विषयावरच्या दोन दिवसांच्या वर्गाला पाठवले. शुल्क माणशी साडेचौदा हजार रुपये अधिक जीएसटी. पुण्यात असे वर्ग घेणाऱ्या संस्था अनेक आहेत, त्यांचा आराखडाही साधारण एकसारखा असतो आणि मला जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही, म्हणून तिचे नाव देत नाही. ज्यांच्या कंपनीत असा वर्ग घ्यायचा विचार चालू असेल त्यांना, पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे ठरवता यावे एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगते. दुसऱ्या दिवसाच्या दुपारी आम्ही जे शिकलो त्याचे मोल दिलेल्या शुल्काहून अधिक आहे आणि पहिला दिवस मात्र जवळजवळ वाया गेला.

पहिल्या दिवसाचे पहिले दीड तास व्हिजिटिंग कार्ड आणि वाकून नमस्कार यांत गेले. कार्ड दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे, लगेच खिशात कोंबू नये, बैठक संपेपर्यंत ते समोर टेबलावर मांडून ठेवावे. ओळखीच्या माणसाला पंधरा अंश, ग्राहकाला तीस अंश आणि क्षमा मागताना पंचेचाळीस अंश वाकावे. यांतले काहीही चुकीचे नाही आणि टोकियोला पहिल्यांदा जाणाऱ्याला ते उपयोगीच पडेल. पण आमच्याकडे येणारे जपानी अधिकारी दारातच हात पुढे करतात, त्यांतले दोघे तर ‘नमस्कार’ही म्हणतात. कार्ड एका हाताने घेतले म्हणून कोणी दुखावल्याचे मी सहा वर्षांत पाहिले नाही. वाईट बातमी दोन दिवस उशिरा कळवली म्हणून ग्राहकाचा विश्वास उडालेला मात्र मी पाहिला आहे आणि तो परत मिळवायला आम्हाला वर्ष लागले. वर्गाचा वेळ कशाला द्यायचा याचे उत्तर याच फरकात होते.

त्यानंतर पडद्यावर देशांचे रंगीत स्तंभ आले. गीर्त हॉफस्टेड या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशादेशांतले फरक आकड्यांत मांडले आणि आजही अशा बहुतेक प्रशिक्षणांचा पाया तोच असतो. आमच्या प्रशिक्षकांनी हे स्तंभ दाखवून, जपानी समाज उतरंड फार मानणारा आणि समूहाला धरून राहणारा, तर आपण त्या मानाने मोकळे आणि स्वतंत्र, असा निष्कर्ष सांगितला. गंमत बाजूला ठेवून ते आकडे नीट वाचले असते, तर उलटेच दिसले असते. वरच्याने सांगावे आणि खालच्याने ऐकावे ही विषमता किती सहज स्वीकारली जाते, हे मोजणाऱ्या निर्देशांकात भारत ७७ वर आहे आणि जपान ५४ वर. समूहापेक्षा व्यक्तीला किती महत्त्व दिले जाते यात भारत ४८ आणि जपान ४६, म्हणजे जवळपास सारखेच. खरी दरी पडते ती अनिश्चिततेची अस्वस्थता किती वाटते या निर्देशांकात: जपान ९२, भारत ४०.

या एका आकड्यावर सबंध सकाळ घालवली असती तरी मला चालले असते, कारण आमच्या रोजच्या कामातले निम्मे ताण त्यात सापडतात. आमच्याकडे माणूस, मशीन, माल आणि पद्धत यांतले काहीही बदलले की ग्राहकाला लेखी कळवावे लागते. कारखान्यात त्याला सगळे ‘फोर-एम चेंज’ म्हणतात. एका वर्षी गौरी-गणपतीला प्रेसवरचा नेहमीचा ऑपरेटर चार दिवस गावी गेला आणि त्याच्या जागी तितकाच अनुभवी दुसरा उभा राहिला. एकही भाग खराब निघाला नाही. तरीही ग्राहकाकडून प्रश्न आले: बदली माणसाला त्या मशीनवर कोणी आणि केव्हा शिकवले, त्याने काढलेला पहिला भाग कोणी मोजला, कोणत्या लॉटपासून कोणत्या लॉटपर्यंतचा माल त्याच्या हातचा आहे? आमच्या सुपरवायझरांना हा सरळसरळ अविश्वास वाटला. “माल चांगला आहे ना, मग एवढं काय त्यात?” असे ते मला म्हणाले आणि त्यांचा राग मला समजतही होता. पण समोरच्याच्या दृष्टीने चांगला निघालेला माल हा पुरावा नव्हताच. तो चांगला का निघाला हे सांगता येत नसेल, तर पुढचा वाईट निघणार नाही याची खात्री त्याला कशी वाटावी? आपण निकाल पाहून निश्चिंत होतो, ते रीत पाहून होतात. हे जर पडद्यावरच्या त्या ९२ आणि ४० च्या शेजारी ठेवून दाखवले असते, तर आमच्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातली चार उदाहरणे आठवली असती.

आकड्यांविषयीची एक तक्रार अधिक गंभीर आहे. ते देशांच्या सरासरीचे आकडे आहेत, समोर बसलेल्या माणसाचे नव्हेत. शिवाय ते अर्ध्या शतकापूर्वीच्या एकाच कंपनीच्या नोकरवर्गातून आलेले आहेत आणि एवढ्यावरून सबंध देशाचा स्वभाव सांगता येतो का, असा आक्षेप ब्रेंडन मॅक्स्वीनी यांच्यासारख्या अभ्यासकांनी २००२ पासून जोरकसपणे घेतला आहे. हे वर्गात कोणी सांगितले नाही. आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत तर जपानी कर्मचारी साहेबांच्या आधी घरी जात नाही, असे एखादा निसर्गनियम असावा तसे छापले आहे. २०१८ साली जपानच्या संसदेने कामाच्या पद्धतीत सुधारणा करणारा कायदा केला, त्यानुसार जादा कामाला साधारणतः महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास अशी मर्यादा आली, आणि एप्रिल २०१९ पासून कर्मचाऱ्याने वर्षाला किमान पाच दिवस भरपगारी रजा घेतलीच पाहिजे ही जबाबदारी मालकावर आली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत, कागदावर शिक्का उमटवण्यासाठी लोकांना कचेरीत यावे लागते हे लक्षात आल्यावर, सरकारी कामकाजातल्या बहुतेक शिक्क्यांची सक्ती काढून टाकण्याचे काम सुरू झाले. ज्या गोष्टी कायद्याने आणि साथीने दोन-तीन वर्षांत हलतात, त्यांना रक्तातले गुण म्हणणे चूक आहे.

मला वाटते, या सवयी व्यवस्थेतून येतात आणि प्रशिक्षणाने ती व्यवस्था समजावून द्यायला हवी. जपानमधल्या मोठ्या कंपन्या पदवीधरांची भरती वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, एकगठ्ठा करत आल्या आहेत आणि तिथला माणूस पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याच सहकाऱ्यांत काढेल, असे गृहीत धरून पगार, बढती आणि बदली यांची घडी बसलेली आहे. ज्यांच्याबरोबर आयुष्य काढायचे त्यांना भर बैठकीत तोंडघशी पाडून कोणाचे भले होणार? सर्वांशी आधी एकेकट्याने बोलून घ्यायचे, मग कागद फिरवायचा, प्रत्येक खात्याचा शिक्का घ्यायचा आणि बैठकीत फक्त शिक्कामोर्तब करायचे, ही पद्धत अशा दीर्घ सहवासातूनच पिकते.

या आधी बोलून घेण्याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द बागकामातला आहे: मोठे झाड हलवायचे असेल तर माळी बऱ्याच आधीपासून त्याच्या मुळांभोवती खणून मुळे थोडी थोडी छाटत जातो, म्हणजे झाडाला नवी बारीक मुळे फुटतात आणि ते दुसऱ्या जागी जगते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सांगताना प्रशिक्षकांनी परदेशी कंपन्यांची उदाहरणे दिली, पण आमच्यापैकी एकाने लग्नाची बोलणी आठवून दिली आणि सगळ्यांना एकदम उमगले. बैठकीत सुपारी फुटते, याद्या होतात, पण त्याच्या आधी मामाने किंवा थोरल्या काकांनी दोन्ही घरी दहा खेपा घातलेल्या असतात आणि देण्याघेण्याचा एकही मुद्दा बैठकीत नव्याने निघणार नाही याची काळजी घेतलेली असते. घरच्या कार्यात आपण हे इतके सराईतपणे करतो आणि कचेरीत मात्र नवी कल्पना थेट बैठकीच्या टेबलावर आणून टाकतो.

मी स्वतः ते केले आहे. चार वर्षांपूर्वी एका ब्रॅकेटच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, बदल करून बराच खर्च वाचवणारा प्रस्ताव मी ग्राहकाच्या त्रैमासिक बैठकीत, कोणालाही आधी न दाखवता, मोठ्या उत्साहाने मांडला. मी बोलत असताना समोरून सतत ‘हाय, हाय’ येत होते. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’ एवढेच मला तेव्हा माहीत होते. शेवटी थोड्या शांततेनंतर त्यांच्यातले ज्येष्ठ अधिकारी ‘केन्तो शिमासु’ म्हणाले, म्हणजे ‘आम्ही यावर विचार करतो’. मी परतल्यावर आमच्या साहेबांना प्रस्ताव पसंत पडल्याचे कळवले आणि टूलरूमने नमुन्याच्या डायचे पोलादही मागवले. चार महिने काहीच आले नाही. ते पोलाद नंतर दुसऱ्या कामाला लागले, पण साहेबांपुढे उभे राहून कारण सांगायची वेळ माझ्यावर आली ती आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात आलेल्या दुभाषी बाईंनी या प्रसंगाची उकल एका वाक्यात केली आणि माझ्या मते सबंध प्रशिक्षणाचा गाभा तोच होता. “तो होकार नव्हता हो, हुंकार होता,” त्या म्हणाल्या. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणत राहायचे असते, नाहीतर सांगणारा थांबतो. जपानी संभाषणातले ‘हाय’ बहुतेक वेळा त्याच कामाचे असते. ‘तुमचे ऐकतो आहे’ एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘विचार करतो’ हा पुष्कळदा आपल्या ‘बघू’चा सख्खा भाऊ असतो. मुलगी पाहून गेलेली मंडळी ‘कळवतो’ म्हणाली की घरातल्या मोठ्यांना जे समजते, तेच तिथे समजून घ्यायचे.

पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत इथे शिकलेल्या दुभाषांची, विशेषतः स्त्रियांची, एक मोठी फळी काम करते. दोन्ही बाजूंचे गैरसमज त्यांच्या डोळ्यांदेखत घडतात आणि दोष बहुतेक वेळा त्यांच्यावरच येतो. या बाईंनी पंधराहून अधिक वर्षे शॉप फ्लोअरवर दुभाषाचे काम केले होते. त्यांनी फळ्यावर मराठीतली आश्वासने चढत्या क्रमाने लिहिली: बघू, बघतो, होईल, होऊन जाईल, करतो ना, करून टाकतो. मग त्यांनी आम्हाला प्रत्येकासमोर, काम खरोखर वेळेत होण्याची शक्यता लिहायला सांगितली. आम्हा नऊ जणांची उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी जुळली. आपल्याला आतून सगळे ठाऊक असते. ‘होईल’मध्ये करणाराच नाही, काम आपोआप, दैवयोगाने, सगळ्यांच्या सदिच्छेने पार पडेल अशी ती आशा आहे आणि समोरच्याचे मन न मोडण्याची आपली रीतही त्यात आहे. पण दुभाषाला ते जपानीत न्यावे लागते. तिथे ते ‘देकिमासु’, म्हणजे ‘करू शकतो’, असे होते आणि ऐकणारा ते वहीत तारखेसकट लिहून घेतो. ती तारीख उलटली की आपल्या लेखी थोडा उशीर झालेला असतो, त्यांच्या लेखी दिलेला शब्द मोडलेला असतो.

यानंतरचा सराव मला जसाच्या तसा आठवतो. बाई ग्राहक झाल्या आणि आमच्या उत्पादन विभागातल्या एका तरुण अभियंत्याला त्यांनी विचारले, “सुधारित नमुने शुक्रवारपर्यंत मिळतील?” तो लगेच म्हणाला, “होऊन जाईल मॅडम.” त्या काहीच बोलल्या नाहीत. वर्गात बराच वेळ शांतता राहिली आणि ती सहन न होऊन तोच पुढे म्हणाला, “म्हणजे, प्लेटिंगवाल्याकडून गुरुवारी आले तर.” त्यांनी शांतपणे विचारले, “गुरुवारी आले नाहीत तर मला केव्हा कळेल?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी त्याच्याकडून नवे वाक्य घडवून घेतले: नमुने प्लेटिंगला आहेत, गुरुवारी दुपारी दोनला येणार आहेत, तीनपर्यंत आले नाहीत तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन आणि मग तारीख सोमवार धरावी. हे वाक्य लांब आहे आणि त्यात अपयशाची कबुली आधीच दिलेली आहे, म्हणून ते आपल्या जिभेवर सहज येत नाही. तो तरुण तीनदा अडखळला. चौथ्यांदा त्याने ते सरळ म्हटले, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

जपानी कंपन्यांत नव्या माणसाला शिकवले जाणारे ‘होरेनसो’ हे सूत्र त्यांनी इथेच सांगितले: होकोकु म्हणजे अहवाल देणे, रेनराकु म्हणजे कळवत राहणे आणि सोदान म्हणजे सल्ला घेणे. या तिन्हींची पहिली अक्षरे मिळून होणारा शब्द जपानीत पालकाच्या भाजीच्या नावासारखाच उच्चारला जातो, म्हणून तो कोणी विसरत नाही. काम पूर्ण झाल्यावर सांगायचे असे आपण शिकलो; काम बिघडू लागले की लगेच सांगायचे असे ते शिकले.

याच दुपारी उत्पादनाची लाईन थांबवण्याच्या दोरीचा विषय निघाला. टोयोटाच्या पद्धतीत, दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढायची असते, दिवा लागतो, टीम लीडर धावून येतो आणि ठरल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाईन थांबते. आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत ती दोरी टांगलेली आहे, पण तिला हात लावला जात नाही. प्रशिक्षकांनी याला भारतीय मनोवृत्ती म्हटले आणि तिथे मी पूर्णपणे असहमत आहे. आमच्या लाईनवरचा मुलगा बीडहून किंवा यवतमाळहून आलेला, ठेकेदाराकडून काही महिन्यांपुरता लागलेला असतो. लाईन थांबली तर तासाचा आकडा चुकतो, सुपरवायझर ओरडतो आणि पुढच्या महिन्यात ठेकेदार त्याला नको म्हणू शकतो. तो दोरी ओढत नाही याचे कारण उतरंड मोजणाऱ्या त्या ७७ या आकड्यात शोधण्याची गरज नाही, ते त्याच्या गेटपासवर लिहिलेले आहे. दुभाषी बाईंना हे नेमके माहीत होते. त्यांनी आम्हाला विचारले, “दोरी ओढणाऱ्याला तुम्ही पहिला शब्द काय बोलता?” आम्ही प्रामाणिकपणे सांगितले: “काय झालं?” तेही वरच्या पट्टीत. त्यांनी पाहिलेल्या एका कारखान्यात टीम लीडरला पहिला शब्द ‘धन्यवाद’ असा ठरवून दिला होता.

पोका-योके या शब्दाची हकीकतही त्यांनी सांगितली. चूक होऊच नये अशी रचना करण्याला जपानी अभियंते शिगेओ शिंगो आधी ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खापासून बचाव, म्हणत असत. १९६३ मध्ये एका कारखान्यातली कामगार स्त्री, ‘मी काय मूर्ख आहे का’, म्हणून रडू लागली आणि त्यांनी नाव बदलून अनवधानाने होणाऱ्या चुकीपासून बचाव, असे केले. आमच्या भिंतींवर पोका-योकेच्या पाट्या दहा वर्षे आहेत. त्या नावामागे एका कामगाराच्या मानाचा प्रश्न होता हे आम्हाला त्या दुपारी कळले.

समारोपाच्या तासात मारुतीचे उदाहरण अपेक्षेप्रमाणे आले. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली आणि अधिकारी व कामगार यांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन ही त्या काळी भारतात नवलाची वाटणारी गोष्ट तिथे रुजली. हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पण जुलै २०१२ मध्ये मारुतीच्याच मानेसरच्या कारखान्यात झालेल्या हिंसाचाराविषयी एक शब्दही निघाला नाही, ज्यात मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि ज्याच्या आधीच्या वर्षभर युनियनची मान्यता आणि ठेक्यावरच्या कामगारांचे पगार यांवरून वाद धुमसत होता. दोन देशांच्या कार्यपद्धती एकत्र आल्यावर काय जुळले हे शिकवायचे असेल, तर काय जुळले नाही हेही त्याच तासात शिकवायला हवे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जागा स्वच्छ आणि शांत होती, जेवण चांगले होते, नऊ जणांचा गट सरावासाठी योग्य होता. पुस्तिका साठ पानांची असून तिच्यातली शेवटची आठ पाने, म्हणजे नेहमी लागणाऱ्या जपानी वाक्यांची देवनागरी यादी, एवढीच मी जपून ठेवली आहे.

दोन सूचना मात्र मी लेखी दिल्या आहेत. पहिली अशी, की सगळे शिकायचे ते आपणच, हे बरोबर नाही. जपानहून तीन वर्षांसाठी इथे येणाऱ्या अधिकाऱ्याला ‘होईल’ आणि ‘करतो ना’ यांतला फरक, मान डोलावण्याचा अर्थ, किंवा भर सभेत साहेबांपुढे आपला माणूस गप्प का बसतो, हे कोणी शिकवत नाही. तेवढे अर्ध्या दिवसात शिकवता येईल. दुसरी अशी, की या वर्गाला आम्हा व्यवस्थापकांपेक्षा शिफ्टच्या सुपरवायझरांना पाठवायला हवे होते, कारण रात्री अडीच वाजता मशीन बिघडल्यावर ग्राहकाला कळवायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे तेच ठरवतात.

फक्त दुसरा दिवस स्वतंत्रपणे द्यावा अशी विनंतीही आम्ही केली आहे, पण संस्थेने तिला अजून होकार दिलेला नाही. ‘बघतो’ असे कळवले आहे. दुभाषी बाईंनी मात्र पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन ते पाच आमच्या कारखान्यात येण्याचे कबूल केले असून, येणे जमणार नसेल तर आदल्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत फोन करीन, असे सांगितले आहे. आमचे अकरा सुपरवायझर त्या दिवशी थांबणार आहेत.